उपचारांच्या दिवसांत आई-वडिलांचा हात

कर्करोगाचे निदान झालेल्या मुलाच्या अंगाला दिवसभरात कितीतरी हात लागतात आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक हात काही ना काही कामासाठी आलेला असतो. कोणी शीर शोधते, कोणी पोट चाचपून पाहते, कोणी ड्रेसिंग बदलते, तर पाठीच्या कण्यातून औषध द्यायचे असेल त्या दिवशी मुलाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन घट्ट धरून ठेवावे लागते. हे सारे आवश्यकच असते; परंतु काही आठवड्यांतच जवळ येणारा हात पाहूनच मूल अंग आक्रसून घेऊ लागते. त्यातली अधिक दुःखाची बाब अशी की, सुई टोचताना मुलाला धरण्याचे, कडू गोळी विरघळवून भरवण्याचे, तोंड आलेले असताना गुळण्या करायला लावण्याचे काम आई-वडिलांकडेच येत असल्यामुळे त्यांचा हातही हळूहळू त्या कामाच्या हातांत जमा होतो. पालकांनी रोज थोडा वेळ दिलेल्या हलक्या मालिशीचे मोल येथे आहे. काहीही न टोचणारा, काहीही न तपासणारा आणि मुलाने ‘नको’ म्हणताच थांबणारा स्पर्श तिच्यामुळे मुलाच्या दिवसात परत येतो.

येथे अभिप्रेत असलेली मालीश म्हणजे स्नायू रगडून मोकळे करण्याचा प्रकार नव्हे, आणि ती कर्करोगावरचा उपचारही नव्हे. तिने गाठ लहान होत नाही आणि केमोथेरपीची एकही मात्रा टळत नाही. भीती, चिडचिड, मोडलेली झोप आणि रुग्णालयातील लांबलेल्या दिवसांचा कंटाळा यांत मुलाच्या मनाला मिळणारा आधार, एवढीच तिच्याकडून अपेक्षा ठेवावी. ही अपेक्षा लहान वाटली तरी उपचारांचा काळ लक्षात घेतला की तिचे वजन कळते. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, अर्थात अस्थिमज्जेत अपरिपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ करणारा रक्ताचा कर्करोग. त्याचे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ पासून कार्यरत आहे, विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतची कुटुंबे मुलांना घेऊन येतात. त्यांतली काही धर्मशाळांत उतरतात, काही २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सच्या निवासांत राहतात, तर काहींना खोली मिळेपर्यंत आसपास कोठेतरी दिवस काढावे लागतात. शाळा, अंगण, भावंडे, गोठ्यातले वासरू हे सारे मागे पडलेल्या मुलाजवळ आई किंवा वडील तेवढे उरतात, आणि त्या आई-वडिलांचाही वेळ रिपोर्ट आणणे, औषधे मिळवणे, रक्तदाता शोधणे यांत सरतो. जिला पैसे, साधने किंवा वेगळी जागा लागत नाही अशी, पालकांना खरोखर करता येण्याजोगी गोष्ट म्हणून मालिशीकडे पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रातल्या घरांना तेल लावण्याची परंपरा नवी नाही. बाळंतिणीच्या घरी येणारी मालीशवाली बाई पाटावर बसून, लांब केलेल्या पायांवर बाळाला घेऊन त्याचे अंग रगडते, टाळू भरते, हातपाय ओढून सरळ करते. दिवाळीच्या पहाटे मोठ्या मुलांनाही पाटावर बसवून अभ्यंग घातले जाते. या परंपरेमुळे मुलाच्या अंगाला हात लावताना आईला संकोच वाटत नाही, हा तिचा मोठा लाभ. परंतु जोर लावल्याशिवाय तेल जिरत नाही आणि रगडल्याशिवाय अंग मोकळे होत नाही, ही जी समजूत तिच्यासोबत येते, ती उपचार सुरू असलेल्या मुलाच्या बाबतीत सर्वांत आधी बाजूला ठेवावी लागते. गावाहून भेटायला आलेली आजी मायेपोटी नातवाचे पाय चेपायला बसते, तेव्हा तिला अडवू नये. मात्र हात कसा ठेवायचा हे तिला आधी दाखवून द्यावे.

हळू आणि हलका स्पर्श सुखावतो, याला शरीरशास्त्राचा आधार आहे. केसाळ त्वचेत, म्हणजे पाठ, बाहू आणि पायांच्या वरच्या बाजूच्या त्वचेत, सी-स्पर्शतंतू या नावाने ओळखले जाणारे अत्यंत बारीक चेतातंतू असतात आणि स्पर्श कोठे झाला हे सांगण्यापेक्षा तो सुखद आहे हे मेंदूतील भावनांशी निगडित भागाला कळवणे हे त्यांचे मुख्य काम मानले जाते. स्वीडनमधील संशोधकांनी केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले की, हे तंतू सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीने फिरणाऱ्या आणि त्वचेइतक्याच उबदार असणाऱ्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. व्यवहारात याचा अर्थ असा की, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यापासून मनगटापर्यंत हात फिरवत यायला दहा-बारा सेकंद लागले पाहिजेत. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहून एकदा हे करून पाहिले तर आपला नेहमीचा हात किती घाईचा असतो, हे बहुतेक पालकांच्या ध्यानात येईल.

संशोधनाचे निष्कर्ष मात्र जपून वाचावे लागतात. अमेरिकेत मायामी विद्यापीठातील स्पर्श-संशोधन संस्थेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ल्युकेमिया झालेल्या वीस मुलांचा समावेश होता. ज्या मुलांना पालकांनी रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे महिनाभर मालीश दिली, त्यांच्या पालकांची उदासी कमी झाली आणि मुलांच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येत वाढ आढळली. यातला पेशींविषयीचा भाग अनेक ठिकाणी मोठ्या उत्साहाने सांगितला जातो, परंतु इतक्या लहान गटावरून मालिशीने पेशींची संख्या वाढते असे म्हणणे योग्य नव्हे आणि तशी आशा पालकांना दाखवणे तर मुळीच योग्य नव्हे. अमेरिका व कॅनडातील चार रुग्णालयांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण होणाऱ्या १७८ मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, जी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, मालीश व विनोद यांची जोड दिलेल्या मुलांच्या त्रासात आणि नेहमीचीच देखभाल मिळालेल्या मुलांच्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा मोजपट्टीवर दिसणारा मोठा परिणाम गृहीत धरता येत नाही. तरीही मायामीच्या अभ्यासातील पालकांविषयीचा भाग दुर्लक्षिण्याजोगा नाही. मुलासाठी स्वतःच्या हाताने काही करता आले की आई-वडिलांची हतबलता थोडी कमी होते, आणि आई-वडिलांची भीती मूल त्यांच्या चेहऱ्यावर रोज वाचत असल्यामुळे त्याचा फायदा मुलापर्यंत पोहोचतो, असे मानायला पुरेशी जागा आहे.

पालकांच्या मनात बहुधा पहिला प्रश्न असा येतो की, अंग चोळल्याने कर्करोग पसरणार तर नाही? हलक्या स्पर्शाने कर्करोग पसरतो, असा पुरावा नाही. चालण्या-खेळण्यानेसुद्धा रक्ताभिसरण वाढतेच आणि डॉक्टर मुलांना शक्य तेवढे चालायला सांगतात. मात्र गाठ जेथे आहे किंवा होती त्या जागेवर दाब देऊ नये हा नियम पक्का आहे, आणि पोटाच्या बाबतीत तर तो अधिकच कठोरपणे पाळला पाहिजे. मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमर या कर्करोगात पोट दाबल्यास गाठ फुटण्याचा धोका असतो, म्हणूनच अशा मुलाच्या पलंगाशी ‘पोट दाबू नये’ असा फलक लावण्याची शिकवण परिचारिकांना दिली जाते. मूत्रपिंडावरील ग्रंथीत किंवा पोटातील चेतापेशींत उद्भवणारा न्यूरोब्लास्टोमा, वाढलेले यकृत, सुजलेली प्लीहा या अवस्थांतही तीच काळजी घ्यावी लागते. उपचार सुरू असेतोवर कोणत्याही मुलाच्या पोटाला मालीश करायची नाही, असे सरसकट ठरवून टाकले तर चुकीला वावच राहत नाही.

विचारल्याशिवाय सुरुवात नको

मालीश सुरू करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे, आणि हा प्रश्न एकदाच विचारून भागत नाही, कारण मुलाची अवस्था दर आठवड्याला बदलते. वॉर्डमधील पालक ज्याला ‘काउंट पडले’ म्हणतात त्या काळात रक्तातील पेशींची संख्या घटलेली असते. त्यांपैकी प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या पेशी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात, तर केमोथेरपीनंतर ही संख्या काही हजारांपर्यंत खाली येऊ शकते. अशा वेळी साध्या दाबानेही त्वचेखाली रक्त साकळते. ढोबळ मानाने पाहता पन्नास हजारांच्या खाली प्लेटलेट असताना मलम लावण्याइतकाच हात फिरवावा आणि वीस हजारांच्या खाली गेल्यास हात फिरवणेही सोडून तो नुसता अंगावर ठेवावा. परंतु या मर्यादा प्रत्येक मुलाच्या बाबतीत डॉक्टरांनीच निश्चित करायच्या असतात. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले, हिरड्यांतून रक्त आले किंवा कारणाशिवाय काळे-निळे डाग उमटले तर मालीश थांबवून आधी रुग्णालयात कळवावे.

पांढऱ्या पेशींपैकी जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी पाचशेच्या खाली गेल्या की संसर्गाचा धोका फार वाढतो. या काळात स्पर्श बंद करण्याचे कारण नाही. हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले असावेत, नखे कापलेली असावीत, बोटांत अंगठी नसावी आणि पालकाला सर्दी-खोकला किंवा हाताला जखम, नायटा नसावा, एवढे सांभाळले पाहिजे. काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्यात, मंगळसूत्र पदरात खोचावे, म्हणजे वाकताना ते मुलाच्या छातीवरच्या नळीत अडकणार नाही. ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक असेल तर तेल लावून पाहू, कपाळ चोळून पाहू असे करत थांबण्यात एक तासही घालवू नये. न्यूट्रोफिल कमी असलेल्या मुलाचा ताप ही तातडीची बाब असते.

शरीरावरील काही जागा नेहमीच वगळायच्या असतात. केमोथेरपीसाठी कॉलरच्या हाडाखाली त्वचेत बसवलेला पोर्ट, किंवा दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली पिक लाइन, यांच्या आसपास हात फिरवू नये; तेलाचा थेंब ड्रेसिंगखाली गेला तर चिकटपट्टी सुटते आणि जंतूंना वाट मिळते. अस्थिमज्जेची तपासणी कमरेमागच्या हाडातून होत असल्याने ती जागा आणि पाठीत सुई दिलेली जागा दोन-तीन दिवस टाळावी. रेडिएशन सुरू असेल तर ज्या भागावर किरण दिले जातात तेथे तेल, पावडर, मलम यांपैकी काहीही डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय लावू नये, आणि किरण नेमके तेथेच पडावेत म्हणून तंत्रज्ञांनी त्वचेवर काढलेल्या शाईच्या खुणा तेलाने पुसल्या जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. बाहेरील यंत्रातून दिलेल्या रेडिएशनमुळे मुलाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, त्यामुळे त्याला जवळ घ्यायला भिण्याचे कारण नाही. आयोडिनयुक्त किरणोत्सारी औषध शरीरात दिले असेल तर मात्र रुग्णालय सांगेल तितके दिवस अंतर पाळावेच लागते. केमोथेरपीनंतर साधारण दोन दिवस मुलाची लघवी, शौच आणि उलटी हाताळताना हातमोजे घालावेत, आणि गर्भवती आईने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. मुलाच्या कोरड्या, स्वच्छ अंगावरून हात फिरवण्यास मात्र सहसा अडचण नसते. अपवाद थायोटेपा या औषधाचा आहे. प्रत्यारोपणापूर्वी दिले जाणारे हे औषध घामावाटे त्वचेवर येते, म्हणून त्या काळात मुलाला दिवसातून अनेकदा अंघोळ घालतात आणि तेल किंवा क्रीम पूर्ण वर्ज्य असते.

काही दुखणी मालिशीने कमी करू पाहणे धोक्याचे ठरते, आणि या मुद्द्यावर पालकांनी विशेष सावध राहावे, कारण दुखऱ्या जागेवर हात जाणे ही मायेची पहिली हालचाल असते. ॲस्पॅरॅजिनेज या औषधाने शिरांत रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ती चोळू नये, कारण गाठ सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. स्टेरॉइड औषधांनी हाडे ठिसूळ होतात आणि कधी कधी खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून टिकून राहिलेले खुब्याचे दुखणे तेल लावून दडपण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. पाठ नव्याने दुखू लागली आणि त्याबरोबर पाय लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हा त्याच घटकेला रुग्णालय गाठले पाहिजे. व्हिन्क्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधामुळे बद्धकोष्ठता होते तेव्हा पोट चोळणे किंवा गुदद्वारातून साबणाची कांडी घालणे असे घरगुती उपाय करू नयेत. काउंट कमी असताना त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो.

हात कसा ठेवावा

कर्करुग्णांच्या मालिशीचे प्रशिक्षण देणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञ ट्रेसी वॉल्टन यांनी दाबाची पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली आहे आणि तिच्यातील पहिली पायरी म्हणजे त्वचेवर लोशन पसरवताना लागतो तेवढा दाब. घरच्या मालिशीने या पहिल्या पायरीच्या पुढे जाऊ नये. पालकांनी आपल्याच मिटलेल्या पापणीवर बोटाचे पेर ठेवून पाहावे; तेथे सोसवतो तेवढाच दाब मुलाच्या अंगावर द्यावा. हात फिरताना त्वचेला सुरकुती पडत असेल किंवा त्वचा पांढरी होऊन पुन्हा लाल होत असेल, तर दाब जास्त झाला असे समजावे.

सुरुवात नेहमी विचारून करावी, आणि विचारताना ‘मालीश करू का?’ एवढेच न म्हणता मुलाला निवड द्यावी: पाय की पाठ, तेल लावून की कपड्यावरून, गोष्ट सांगत की गुपचूप. उपचारांच्या काळात मुलाला स्वतःच्या शरीराविषयी क्वचितच काही ठरवता येते. औषध कोणते, सुई कोठे, उपाशी कधी राहायचे, हे सारे इतरांनी ठरवलेले असते. म्हणून ही लहानशी निवडही मुलाला मोठा दिलासा देते. थांबण्याची खूणही आधीच ठरवावी. बोलू शकणाऱ्या मुलाने ‘बस’ म्हणावे, तोंड आलेल्या किंवा थकलेल्या मुलाने हात उचलावा, आणि तान्ह्याच्या बाबतीत मान फिरवणे, बोटे ताठ पसरणे, भुवया आक्रसणे हीच खूण मानावी. खूण मिळताच हात लगेच थांबला पाहिजे. ‘आता थोडेच राहिले’ हे शब्द येथे वापरू नयेत, कारण सुई टोचतानाही मुलाने तेच ऐकलेले असते. ‘नको’ म्हणून पाहायचे आणि ते खरोखर ऐकले जाते का याची परीक्षा घ्यायची, असे मूल पहिल्या काही दिवसांत वारंवार करते. पालकांनी त्यात हिरमुसू नये. विश्वास बसण्याचा तोच मार्ग असतो.

दोन्ही तळहात एकमेकांवर घासून उबदार करावेत आणि मुलाच्या पावलांवर किंवा पाठीवर नुसते ठेवून तीन-चार श्वास होईपर्यंत स्थिर राहावे. त्यानंतर संपूर्ण तळहाताने, बोटांची टोके न रोवता, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत किंवा खांद्यापासून कमरेपर्यंत संथपणे हात फिरवावा आणि एक हात उचलण्याआधी दुसरा अंगावर ठेवावा, म्हणजे स्पर्श मध्येच तुटत नाही. पावलांवर फार हळू हात फिरवल्यास काही मुलांना गुदगुल्या होतात. तेथे पूर्ण तळव्याने पाऊल धरून ठेवणे चांगले. व्हिन्क्रिस्टिनने चेतातंतूंना इजा होऊन तळपायांत मुंग्या, चटके किंवा बधिरपणा आलेला असेल तर फिरणारा हात त्रासदायक वाटतो, तेव्हाही स्थिर पकडच सुखावह ठरते. तळहात-तळपाय लाल होऊन जळजळत असतील तर तेथे हात लावूच नये. केस गळू लागले की डोक्याची त्वचा हुळहुळी होते. त्या दिवसांत डोक्यावरून हात फिरवण्यापूर्वी पुन्हा वेगळे विचारावे, कारण मोठ्या मुलांना, विशेषतः मुलींना, केस गेलेल्या डोक्याला कोणी हात लावणे मनालाही लागते. मग काही आठवड्यांनी तेच मूल स्वतःहून आईचा हात धरून टकलावर ठेवते, असेही घडते, आणि आपले बदललेले शरीर कोणाला नकोसे झालेले नाही हे त्याला त्या स्पर्शातून कळते.

तेल असलेच पाहिजे असे नाही. कपड्यावरून किंवा पातळ चादरीवरून फिरवलेला हातही तितकाच उपयोगी पडतो, आणि पडदे नसलेल्या सामायिक वॉर्डमध्ये दहा-बारा वर्षांपुढील मुलामुलींसाठी तोच अधिक योग्य. त्वचा कोरडी पडली असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर साधे, बिनवासाचे नारळतेल किंवा लोशन थोडेसे वेगळ्या वाटीत काढून घ्यावे. बाटलीत बोटे बुडवू नयेत आणि उरलेले तेल परत ओतू नये. वास नसण्याला कारण आहे. केमोथेरपीच्या मळमळीच्या दिवसांत जो गंध सोबत असतो तो मनात मळमळीशी जोडला जातो आणि पुढे त्या गंधानेच उलटी होऊ शकते. म्हणून मुलाच्या आवडीचा चंदनाचा किंवा मोगऱ्याचा वास या दिवसांत मुद्दाम लांब ठेवणे शहाणपणाचे.

वेळेच्या बाबतीत दहा-पंधरा मिनिटे पुरेत; तीन वर्षांखालील मुलाला तीन-चार मिनिटांतही पुरे होते. जेवणानंतर लगेच आणि उलटीनंतर लगेच नको. रात्रभर सलाइन सुरू असलेले मूल लघवीसाठी वारंवार उठते, तेव्हा झोपण्यापूर्वीचा वेळ सर्वांत उपयोगाचा ठरतो. पाठीतल्या सुईच्या आधी हाताला किंवा पायाला मालीश केल्याने मुलाला धीर येत असेल तर ती जरूर करावी, परंतु केवळ त्याच दिवशी करू नये. नाहीतर मालीश सुरू झाली की सुई येणार, असा अर्थ मूल लावते आणि सारा हेतूच उलटतो.

अवघड दिवस आणि वेगळी वये

ल्युकेमियाच्या उपचारांत स्टेरॉइड दिले जातात त्या दिवसांत मूल एकाएकी रागीट होते, रडते, मध्यरात्री उठून वरणभात मागते, मांड्यांतले बळ गेल्यामुळे जमिनीवरून उठताना हाताचा आधार घेते. ‘असा कसा हट्टी झाला’ असे म्हणण्याची ही वेळ नव्हे. औषधाचा परिणाम ओसरला की स्वभाव परत येतो. या दिवसांत मूल मालीश नाकारण्याचा संभव जास्त असतो. तेव्हा पालकाने जवळ बसून आपला हात गादीवर उघडा ठेवावा आणि त्यावर हात ठेवायचा की नाही हे मुलावर सोडावे.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत संकोचाचा मान राखणे हाच पहिला नियम. चौदा वर्षांच्या मुलाला आईने पाठीला तेल लावणे आवडेलच असे नाही, मात्र मोबाइल पाहत असताना पाय वडिलांच्या मांडीवर टाकायला त्याची हरकत नसते, तेवढेही पुष्कळ. गुडघ्याजवळच्या हाडाच्या कर्करोगात, जो या वयात आढळतो, आजारी हाड किंचित दाबानेही मोडू शकते, म्हणून तो पाय पूर्ण वगळून उरलेल्या शरीराकडे लक्ष द्यावे. पाय काढावा लागला असेल तर नसलेल्या पायात वेदना जाणवतात. त्या खऱ्या असतात आणि मूल नाटक करत नसते. जखम पूर्ण भरल्यानंतर, फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे, उरलेल्या भागावरून हात फिरवण्याने त्या भागाची हुळहुळ कमी होण्यास मदत होते. पालकाचा हात तेथे जाताना कचरला तर मूल ते ताबडतोब ओळखते, म्हणून पहिल्या वेळी फिजिओथेरपिस्ट सोबत असताना करावे.

वॉर्डमध्ये बहुधा एकच नातेवाईक राहू शकतो आणि ती जबाबदारी बहुतेक वेळा आईवर पडते. वडील कामासाठी गावी परततात किंवा बाहेर औषधे-पैशांच्या मागे असतात, आणि मुलाच्या शरीराशी त्यांचा संबंध हळूहळू सुटत जातो. भेटीच्या वेळेत वडिलांनी पाच मिनिटे पाऊल हातात घेऊन बसावे, गावाहून फोनवर बोलत असताना त्यांनी गोष्ट सांगावी आणि आईने तेवढ्यात पाठीवरून हात फिरवावा, अशा साध्या सोयी करता येतात. आजी-आजोबांकडे राहिलेल्या भावंडाला भेटीला आणले की त्यालाही हात धुवून ताई-दादाच्या तळहातावरून बोट फिरवू द्यावे. आजार स्पर्शाने लागत नाही हे त्या भावंडाला स्पष्ट शब्दांत सांगण्याची ती चांगली वेळ असते. आई स्वतः रात्रभर जागलेली असेल, नुकताच वाईट रिपोर्ट ऐकून आलेली असेल, तर त्या दिवशी मालीश टाळण्यात काही चूक नाही. थरथरता, घाईचा हात मुलाला धीर देत नाही. त्या दिवशी शेजारी पडून राहणेही पुरते.

आजार बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितलेल्या मुलांच्या बाबतीतही हा स्पर्श चालू ठेवावा. तेव्हा तपासण्या आणि सुया कमी होतात, गुंगी वाढते, बोलणे थांबते, आणि हात-पाय गार पडू लागतात. त्या अवस्थेत दाब, दिशा, वेळ यांचे नियम गौण ठरतात. ओला रुमाल ओठांना लावणे आणि हात हातात धरून ठेवणे हेच करायचे असते. वेदनाशामक औषधाची गरज मात्र स्पर्शाने भागत नाही. मूल कण्हत असेल, कपाळावर आठ्या येत असतील तर वेदनाशमन करणाऱ्या पथकाला लगेच सांगावे.

शेवटी बाहेरच्या हातांविषयी. मुलाची अवस्था पाहून शेजारीपाजारी हाडवैद्य, गाठ ‘बसवून’ देणारा मांत्रिक, खास काढ्याचे तेल विकणारा माणूस यांची नावे सुचवतात. गाठेवर दाब, शेक, लेप किंवा चटके यांमुळे इजा होते आणि उपचारांना उशीर होतो. बऱ्या होऊ शकणाऱ्या मुलांचे आयुष्य त्या उशिरामुळेच धोक्यात येते. प्रशिक्षित मालीशकाराकडे न्यायचे असले तरी कर्करुग्णांचा अनुभव नसलेल्याकडे नेऊ नये, आणि मुलाजवळ पालक हजर नसताना कोणालाही हे करू देऊ नये. हात कसा ठेवायचा हे शिकायचे असेल तर वॉर्डमधील फिजिओथेरपिस्ट, परिचारिका किंवा बालमानसतज्ज्ञ यांच्यापैकी कोणाला तरी पहिल्या वेळी समोर बसवून करून दाखवावे, आणि पुढील प्रत्येक ओपीडीच्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट हाती आला की ‘या आठवड्यात चालेल का, आणि कोठे नको?’ हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारून उत्तर मुलाच्या उपचारवहीत तारखेसह लिहून ठेवावे.